घरतबाईंचा थेंब

"त्यात काय घातलं होतं, बाई?"

बाईंनी मान वर केली नाही. मिठागराच्या वाफ्यात त्या उभ्या होत्या, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, आणि टाचेने चिखल दाबून बघत होत्या.

"बाई, मी विचारतोय. त्या सेलमध्ये तुम्ही काय घातलं होतं?"

"पाहुणे उन्हात उभे आहेत," बाई मला म्हणाल्या. "चहा टाक गं, रेवती."

मी जागची हलले नाही. विराज सबनीसला चहा पाजायची मला हौस नव्हती. तो बांधावर उभा होता, पायात चकचकीत बूट, खांद्याला बॅग, आणि चेहरा असा की कुणीतरी त्याचं काहीतरी देणं लागतं.

पौषातली दुपार. खाडीवर धुरकं उतरलं होतं. आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. लांबवर बगळे उभे होते, तेही हलत नव्हते. अशा दुपारी खारवाडीत माणूस बोलायला लागला तरी आपण झोपेत ऐकतोय असं वाटतं.

"बाई..."

"हं," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा टाच दाबली.

आता हा विराज कोण, ते सांगायला हवं. आम्ही दोघं एकाच वर्षी घरतबाईंच्या प्रयोगशाळेत लागलो. बाई म्हणजे डॉक्टर यमुना घरत. आगऱ्यांची लेक, मिठात वाढलेली, पुढे बॅटरीच्या विद्येत मोठं नाव झालेली. सिलिकॉन हा त्यांचा जन्माचा ध्यास.

सिलिकॉनचं दुखणं साधं आहे. बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियम तिच्या एका बाजूत शिरून बसतं. ती बाजू बहुतेक वेळा ग्राफाइटची असते. सिलिकॉनची केली तर कितीतरी जास्त लिथियम मावतं. पण सिलिकॉन खादाड. पोट भरलं की तिपटीने फुगतो, रिकामा झाला की आक्रसतो, आणि या फुगण्याआक्रसण्यात त्याला तडे जातात. तडा गेला की आतलं कोरं अंग उघडं पडतं. बॅटरीतला द्रव त्या उघड्या अंगाला लागतो आणि मोडतो, म्हणजे त्याचं विघटन होतं. पुन्हा तडा, पुन्हा द्रव खर्च. असं होत होत एक दिवस सेल मरतो.

बाई त्या द्रवात एक थेंब घालायच्या. थेंबाने सिलिकॉनवर पातळ पापुद्रा धरायचा, ताणला तरी न फाटणारा. थेंब कशाचा, ते मात्र सांगायच्या नाहीत.

नव्या विद्यार्थ्याला त्या स्वतःच्या हाताने केलेला एक सेल द्यायच्या. बटणाएवढा. त्याला उन्हावर चालणारी एक पट्टी आणि एक इवलासा लाल दिवा जोडलेला. उजेडात सेल भरायचा, अंधार पडला की दिवा आपोआप लागायचा.

"टेबलावर ठेव," म्हणायच्या. "आत काय आहे ते शोध. स्वतःचे सेल करून शोध. हा उघडायचा नाही."

एवढीच बाईंची दीक्षा. मंत्र नाही, तंत्र नाही.

विराजने उघडला.

हुशार होता, त्यात वाद नाही. त्याच्याइतका हुशार मुलगा मी पाहिलेला नाही, आणि ही गोष्ट त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळली होती. उघडून त्याने आतला द्रव काढला आणि यंत्रात घातला. यंत्र म्हणालं, साधा द्रव. बाजारात मिळतो तोच. पुन्हा घातला. पुन्हा तेच. थेंबबिंब काही नाही.

मग वार्षिक सभेत, बाहेरची मोठी मोठी माणसं बसलेली असताना, हा उठला. "बाईंनी आत काहीही घातलेलं नाही," म्हणाला. "थेंब ही निव्वळ लोणकढी थाप आहे." आणि पडद्यावर यंत्राचा आलेख लावला.

सगळे बाईंकडे बघायला लागले.

बाई म्हणाल्या, "आत काही नाही, हे खरं आहे."

बस्स, एवढंच. पुढे एक शब्द नाही. लोकांनी ती कबुली समजली. दुसऱ्या महिन्यात बाई नोकरी सोडून खारवाडीला आल्या, भावाच्या मिठागरावर. आणि मला विराजचा जो राग आला, तो आला. आजही पुरता गेलेला नाही, उगाच खोटं का बोला!

त्याला सहा वर्षं झाली. विराजला प्रयोगशाळा मिळाली. तिथे थेंबाचं नाव काढायची सोय राहिली नाही. सिलिकॉनच्या बारीक गोळ्या करा, तारा करा, आतून पोकळ करा, असं चाललं होतं. सगळे सेल फुगून फुगून मेले. गेल्या वर्षी त्याने कुणाला न सांगता जगभर माहीत असलेले थेंबही घालून पाहिले. ते सेल चालले. बऱ्यापैकी चालले, आणि मग एकेक करून एकदम बसले.

आता सोमवारी समिती येणार होती. टिकणारा एक तरी सेल दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. त्याच्या हाताखाली मुलं-मुली होती, त्यांचीही वर्षं त्या कुलुपाआड जाणार होती. म्हणून स्वारी आज मिठागराच्या बांधावर.

"मी भांडायला आलेलो नाही," विराज म्हणाला. "बाजारातले सगळे थेंब घालून बघितले, बाई. संपतात. सेल काही दिवस नीट चालतो, थेंब संपला की गेला. मला न संपणारा थेंब हवाय. तुमचा तसा होता."

"न संपणारा..." बाई म्हणाल्या. झोपेत बोलल्यासारख्या. "असतो का हो तसला?"

"तुमचा होता!"

"मग मजा आहे तुमची."

मला हसू आलं. ते त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला.

बाई हल्ली विसरतात. नावं जातात, गावं जातात, सकाळी जेवण झालं का ते जातं. मी पेणला शाळेत विज्ञान शिकवते, सुट्टीला इथे येते. मागच्या खेपेला मला विचारत होत्या, "तू कुणाची गं?" मी म्हटलं, "तुमचीच." तर म्हणाल्या, "मग बस." आज विराजला त्या 'पाहुणे' म्हणत होत्या, ते विसरल्या म्हणून की मनात राग धरून, देव जाणे. मी विचारलं नाही.

विराज माझ्याकडे वळला. "तुझा सेल अजून चालतोय, असं ऐकलं."

मी बगळ्यांकडे बघत राहिले.

"रेवती, खरं सांग. चालतोय?"

आता डोळ्यांसमोर असलेलं कसं लपवणार? बाईंच्या खोपटाच्या खिडकीत तो ठेवलेला होता. सभेनंतर बाकीच्यांनी आपापले सेल परत केले, कुणी फेकले. मी नाही फेकला. मला आत काय आहे ते शेवटपर्यंत सापडलं नाही, संशोधन सुटलं, लग्न झालं, तरी मी तो दिवा सासरी घेऊन गेले. बाईंना माणसं आठवेनाशी झाली तेव्हा इथे आणून ठेवला. संध्याकाळी तो लागला की त्या ओळखीचं हसतात. माझ्याकडे बघूनसुद्धा तशा हसत नाहीत.

"दे मला," विराज म्हणाला.

"काय?"

"तो सेल. उघडून बघतो. आता माझ्याकडे जास्त बारीक बघणारं यंत्र आहे. तेव्हाच्या यंत्राला सापडलं नसेल."

"डोकं फिरलंय का तुझं? एक मारलास तेवढा पुरे नाही झाला?"

"अगं, जगात हा एकच उरलाय."

"म्हणूनच देणार नाही."

"म्हणूनच तर मागतोय!"

आमचे आवाज चढले. बगळे उडाले आणि जरा पुढे जाऊन पुन्हा बसले.

"दे त्यांना," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना कळलं नाही. "बाई, तुमचा दिवा मागतोय हा. संध्याकाळचा. लाल."

"कळलं. दे."

"उघडला की मरेल तो."

"हं."

"बाई, माझा आहे तो. तुम्ही मला दिलाय."

"तुझा आहे म्हणून तर तुला सांगतेय. पाहुण्यांना लागतोय ना... दे."

रडू फुटलं मला. आत गेले, खिडकीतून दिवा काढला. दुपारच्या उजेडात तो विझलेला होता, नुसतं एक काळं बटण आणि वर काचेचा मणी. विराजच्या हातावर ठेवताना मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं, रुमालात गुंडाळून दिवा बॅगेत ठेवला. मग बाईंना वाकून नमस्कार केला, घाईघाईचा, आणि निघाला.

"पाहुणे."

तो थांबला.

"जाता जाता एवढी फळी उचलून द्या. मला वाकवत नाही."

शेजारी साठवणीचं तळं होतं. त्यात समुद्राचं पाणी कोंडून उन्हात आटवत ठेवतात. बाईंनी त्यात करंगळी बुडवून जिभेला लावली, डोळे मिटून घेतले. "झालंय," म्हणाल्या. तळं आणि हा वाफा यांच्यामधल्या बांधात लाकडी फळी होती. फळी उचलली की पाणी वाफ्यात येणार. भावाच्या माणसांनी कितीतरी दिवस तो वाफा पायांनी तुडवून गुळगुळीत केला होता, आणि आता आणखी ऊन खाल्लं असतं तर तळाला भेगा पडल्या असत्या. पाणी सोडायची हीच वेळ होती.

मी सांगायला तोंड उघडलं, "हळू हं..."

त्याला गाडी गाठायची होती. दोन्ही हातांनी धरून त्याने फळी खसकन वर उपटली.

पाणी भसकन आत शिरलं. ओला, नुकता दाबलेला तळ तोंडाशीच उखडला, मग मधोमध फाटत गेला. खालचा काळा चिखल वर आला आणि क्षणात सगळा वाफा गढूळ झाला. मी ओरडले. विराज हातात फळी घेऊन उभाच.

"अरे, लाव ती!"

त्याने फळी परत ठोकली. पाणी थांबलं. वाफ्यात चिखलाचे लगदे तरंगत होते.



"पण... पाणी सोडायचंच होतं ना?" विराज म्हणाला.

"सोडायचंच होतं," बाई म्हणाल्या.

"मग?"

खालच्या बाजूचा बांध पायाने उकरून बाईंनी गढूळ पाणी बाहेर जाऊ दिलं. मग फाटलेल्या जागी उभ्या राहिल्या आणि तुडवायला लागल्या. आडव्या, लहान लहान पावलांनी, टाच आधी आणि मग चवडा. तोंडाने काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, नुसता ठेका.

मी साडी खोचून आत उतरले.

विराज घड्याळाकडे बघत होता. मग त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंचा तोल जात होता, एक हात हवेत आधार शोधत होता. मी पोचायच्या आत त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो चिखलात आला. बाईंचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

"कसं करायचं?" त्याने विचारलं.

"जोर लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "वजन द्यायचं."

आम्ही तिघं तुडवत राहिलो. चिखल आधी थंड लागत होता, मग कोमट लागायला लागला. धुरकं आणखी खाली आलं. पलीकडच्या वाफ्यांतली माणसं सावल्यांसारखी दिसायची आणि नाहीशी व्हायची. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. विराजची गाडी गेली असणार. त्याने घड्याळ पाहिलं नाही, हे मी पाहिलं.

"पाणी हळू का सोडायचं?" त्याने मध्येच विचारलं. आवाज बदलला होता.

"पहिलं आहे ना," बाई म्हणाल्या. "पहिलं पाणी तळ पितो."

"पितो म्हणजे?"

बाई गुणगुणायला लागल्या. मग मीच सांगितलं. तुडवलेल्या तळावर पहिलं पाणी अगदी हळू सोडतात. ते जमिनीत जिरतं, मातीच्या फटीत मीठ बसतं, तळ घट्ट होतो. त्या पाण्याचं मीठ कुणी काढत नाही. घरतांच्या घरात तर पहिल्या पाण्यात फावडं घालत नाहीत, अशी रीत आहे. त्यानंतरच्या पाण्याचं मीठ पिकतं, मग हंगामभर.

"आणि पहिलं घाईने सोडलं तर?"

"तर काय, आत्ता दाखवलंस की!"

तो हसला नाही. दोनचार पावलं तुडवून थांबला.

"पाहुणे," बाई म्हणाल्या, "नवा सेल तुम्ही पहिल्यांदा भरता, तेव्हा किती वेळ लावता?"

मी चमकून पाहिलं. कालपर्यंत त्यांना सेल हा शब्द आठवत नव्हता.

"तासभर," विराज म्हणाला. "फार तर. यंत्रावर रांग असते, बाई. रोज इतके सेल तपासायचे..."

"आणि तुमच्या त्या कोण बाई होत्या... त्या किती लावायच्या?"

विराजने पायाखालच्या तळाकडे पाहिलं.

"दोन दिवस," तो म्हणाला. "पहिल्याच भरण्याला पुरते दोन दिवस. आम्ही हसायचो. बाईंचा सेल बाळंतीण आहे म्हणायचो."

"तू म्हणायचास," मी म्हटलं.

"मी म्हणायचो," तो म्हणाला.

तळ पुन्हा एकसारखा झाला. बाईंनी ओल्या पायाने सगळीकडून फिरून पाहिलं आणि फळीकडे बोट दाखवलं. कुणाला दाखवलं ते सांगायची गरज नव्हती. विराज बांधावर गुडघे टेकून बसला. दोन्ही हातांनी फळी धरली आणि बोटभर उचलली. तेवढ्यावरच धरून ठेवली. पाणी आवाज न करता आत आलं, पसरलं, कोपऱ्याकोपऱ्यात गेलं. तळ जसाच्या तसा.

आम्ही बांधावर बसलो. बाई मध्ये, आम्ही दोन बाजूंना. मग मी उठून चहा टाकला. तिघांचा.

चहा पिऊन होईस्तोवर वाफ्यातलं पाणी निम्मं झालं होतं. बारीक बुडबुडे येत होते.

"पाणी कुठे गेलं?" विराजने विचारलं.

"शोधा," बाई म्हणाल्या.

तो खरंच वाकून बघायला लागला. पाण्यात बोट घातलं, तळाला लावलं, तळ चाचपला. मग तसाच वाकलेला राहिला. मला वाटलं कंबर धरली की काय याची.

"बाई," तो पाण्याकडे बघतच म्हणाला, "सभेत तुम्ही म्हणाला होतात, आत काही नाही."

"म्हणाले असेन."

"खरं होतं ते?"

"खोटं कशाला बोलू?"

"पण तुम्ही थेंब घातला होता."

"घातला होता."

"आणि मी उघडला तेव्हा तो आत नव्हता."

"नव्हता."

"तरी सेल चालत होता..."

"चांगला चालत होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही उघडेपर्यंत."

विराज मटकन खाली बसला. हाताला चिखल, तोच हात त्याने कपाळाला लावला.

"पहिल्याच भरण्यात गेला तो," तो म्हणाला. आमच्याशी बोलत नव्हता. "द्रव मोडायच्या आधी थेंब मोडला. मोडला आणि पापुद्रा झाला. हळू भरला म्हणून पापुद्रा सलग धरला, फाटला नाही, म्हणून मग पुढे काही मोडलंच नाही. आणि मी... मी द्रवात शोधत होतो. उरलेल्यात. यंत्राने मला खरं तेच सांगितलं होतं. माझे सेल... मी थेंब ओतत गेलो, आणि घाईने भरत गेलो. पापुद्रा फाटायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा फाटायचा. थेंब सगळा त्यातच संपला. आणि मी न संपणारा थेंब शोधायला निघालो!"

त्याने मोठा श्वास घेतला. मला त्याची दया आली, हे मला मुळीच आवडलं नाही.

"आणि ती चकती?" बाईंनी विचारलं.

"कुठली चकती?"

"काळी. सिलिकॉनची. उघडलेल्या सेलमधली."

विराज त्यांच्याकडे बघत राहिला. "आहे. डबीत, तशीच बंद. मी कधी... द्रवात काही नाही म्हटल्यावर तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही."

"हं," बाई म्हणाल्या.

सहा वर्षं ती त्याच्याच कपाटात होती. पापुद्रा तिच्यावर, थेंबाचं जे झालं ते तिच्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी तोंडावर आलेलं गिळून टाकलं. आज ते बोलायची गरज नव्हती, त्याचं त्यालाच कळलं होतं.

त्याने बॅग उघडली. रुमाल काढला, सोडला, आणि दिवा माझ्या हातात परत दिला.

मग एकदम लहान मुलासारखं त्याने बाईंना विचारलं, "पण कशाचा होता तो थेंब? आता तरी सांगा. आता मी ओळखेनच, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बाईंनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, एक अक्षर आलं, दुसरं आलं नाही.

"तपकिरी बाटली होती," त्या म्हणाल्या. "बुटकी. झाकण घट्ट बसायचं... वास होता त्याला. गोडसर. आणि नाव... नाव होतं काहीतरी लांबलचक. मुलांना शिकवायचे मी..."

आम्ही वाट बघत होतो.

बाईंनी डोळे उघडले आणि हसल्या. "गेलं बघा."

विराज रडायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मीही रडत होते, पण माझं काय, मला केव्हाही येतं. बाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

"दिवा लागलाय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई. अजून उजेड आहे."

"बघू."

त्यांनी दिवा माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग खांद्यावरचा पदर काढून त्याच्यावर ओढला. चिखलाने जड झालेला पदर. विराज शेजारी बसून डोळे पुसत होता. बाईंनी त्याच पदराखाली त्याचं डोकंही ओढून घेतलं, आणि स्वतः वाकल्या. पावसात आई लेकराला घेते तशा.

मला बाहेरून नुसता पदर दिसत होता. थोड्या वेळाने त्याच्या विणीतून लाल उजेड फाकला. अगदी पुसट.

समोर वाफ्यातलं पाणी संपत आलं होतं. तळ तुकतुकीत दिसत होता. खाडीकडून भरतीचा आवाज यायला लागला होता आणि धुरक्यात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं, फार लांबून.

"बाई," पदराखालून विराजचा आवाज आला. "तुमचं नाव घालवलं मी. तुमची प्रयोगशाळा घालवली. त्या मुलांना काय सांगू? माझी सहा वर्षं... काही उरलं नाही त्यातलं. सगळी पाण्यात गेली."

पदराखाली बाई गुणगुणायला लागल्या. मला वाटलं, प्रश्न विसरल्या.

"पहिल्या पाण्याकडे मीठ मागू नये रे, विराज."